राहुटी उठते तेव्हा काय जाते? जालना जिल्हा, करमणूक करणारी माणसे आणि त्यांच्यामागचा शोक

१.
२२ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत लक्ष्मण देशपांडे यांचे निधन झाले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग करणारा नट गेला, एवढीच ती बातमी. पण जालना, अंबड, भोकरदन, परतूर या भागांतल्या अनेकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. त्यांतल्या कित्येकांनी देशपांडे यांना रंगमंचावरही पाहिले नव्हते. त्यांनी ते केवळ कॅसेटवर ऐकले होते.

२.
ज्याची कधी भेट झाली नाही त्याच्यासाठी माणूस का रडतो? या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की तो भाबडेपणा आहे. दुसरे असे की माणूस कलावंतासाठी रडत नसतो, स्वतःच्या सरलेल्या बालपणासाठी रडत असतो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. या धाग्याचे म्हणणे असे की हा शोक इतिहासाचे साधन आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घेतली पाहिजे.

३.
प्रथम भूमी पाहू. १९४० साली अंबडमध्ये जन्मलेल्या एखाद्या व्यक्तीचा विचार करावा. जन्मतः ती निजामाची प्रजा. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतातील हैदराबाद राज्याची नागरिक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातून बाहेर. घर तेच, विहीर तीच. राज्य मात्र तीनदा बदलले आणि जिल्हाही.

४.
अशा आयुष्यात स्थिर काय राहिले? कचेरीची भाषा उर्दूवरून मराठीवर आली, नाणी बदलली, नकाशे बदलले. स्थिर राहिली ती यात्रा. राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी, जांब समर्थची रामनवमी, जालन्यातील आनंदी स्वामींची आषाढी. देवदर्शन हे यात्रेचे एक अंग. दुसरे अंग पाळणे, मिठाई, तंबूतला सिनेमा आणि खेळ दाखवणारी माणसे. राज्यकर्ते कोण, हे गावाला पुष्कळदा उशिरा कळे. यंदा यात्रेत काय येणार, हे मात्र महिनाभर आधी ठाऊक असे.

५.
म्हणून ग्रामीण स्मृतीत वर्षे आकड्यांनी लक्षात राहत नाहीत. ती घटनांनी राहतात. ‘बहात्तरच्या दुष्काळात’ हे जसे कालमापन आहे, तसेच ‘अमुक फड आला होता त्या साली’ हेही कालमापनच आहे. एखाद्या आजीच्या लग्नाचे वर्ष कागदावर सापडत नाही. पण त्या हंगामात गावात कोणता चित्रपट लागला होता हे ती सांगते आणि अभ्यासकाला वर्ष मिळते.

६.
१९७२चाच दुष्काळ घ्यावा. मराठवाडा त्यात होरपळला. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, परदेशी मिलो ज्वारी खात होते, मुलांना सुकडी मिळत होती. आणि याच काळात दादा कोंडके यांचे चित्रपट येत होते: १९७१चा ‘सोंगाड्या’, १९७२चा ‘एकटा जीव सदाशिव’, १९७३चा ‘आंधळा मारतो डोळा’. सदाचारी समीक्षकांनी नाके मुरडली. खडी फोडून आलेल्या माणसाला मात्र पडद्यावर एक भोळा, ढगळ्या चड्डीतला, आपल्यासारखाच फसणारा आणि तरीही न हरणारा माणूस दिसला.

७.
१४ मार्च १९९८ रोजी दादा कोंडके गेले तेव्हा त्या पिढीला काय आठवले असेल? केवळ विनोद नव्हे. खडीचा ढिगारा, रेशनची रांग आणि त्या सगळ्यात हसू आले होते ही आठवण. दुष्काळाचा इतिहास सरकारी अहवालांत आहे: किती कामे काढली, किती धान्य वाटले. त्या दिवसांत लोक कशामुळे हसले, हे अहवालात नाही. ते कोंडके यांच्यामागे झालेल्या शोकात आहे.

८.
आता पुन्हा लक्ष्मण देशपांडे. ‘वऱ्हाड’ची कथा साधी आहे. मराठवाड्यातील एका खेड्यातल्या मुलाचे लंडनमध्ये इंग्रज मुलीशी लग्न ठरते आणि सारे वऱ्हाड विमानाने तिकडे निघते. एकच नट पन्नासहून अधिक पात्रे उभी करतो. देशपांडे हे मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले प्राध्यापक. त्यांनी पुढे हा प्रयोग देशाबाहेरही नेला.

९.
पण जालन्याच्या दृष्टीने मुख्य गोष्ट वेगळी होती. ती म्हणजे बोली. ‘का’ऐवजी ‘कामून’ म्हणणाऱ्या माणसाला पुण्या-मुंबईत गेल्यावर जीभ आवरावी लागे. शाळेतले गुरुजी ती बोली सुधारत, नोकरीच्या मुलाखतीत ती लपवावी लागे. निजामी अमलात मराठीलाच दुय्यम स्थान होते आणि महाराष्ट्रात आल्यावर मराठवाड्याच्या मराठीला. देशपांडे यांनी तीच बोली रंगमंचाच्या मध्यभागी उभी केली. प्रेक्षक हसले ते बोलीला नव्हे. त्या बोलीतल्या माणसांच्या हुशारीला, हट्टाला आणि मायेला हसले.

१०.
म्हणूनच २००९चा तो शोक एका नटापुरता नव्हता. ज्याने एका प्रदेशाला स्वतःच्या आवाजाची लाज सोडायला शिकवले, तो गेला होता. संहिता मात्र थांबली नाही. मूळचे बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुढे चालवला. अनुकरणाचा धोका पत्करूनही एखादी कला पुढे नेणे, हा शोकाचा सर्वांत उपयुक्त प्रकार म्हणावा लागेल.

११.
प्रत्येक पिढीचा कलावंत वेगळा असतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. १९८५चा ‘धूमधडाका’ आणि १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ ज्यांच्या शाळकरी वयात आले, त्यांच्यासाठी तो मान लक्ष्मीकांत बेर्डे यांचा. गणपतीत भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणायचा, गल्लीत चादर अंथरायची आणि रात्रभर चित्रपट पाहायचे, हा त्या पिढीचा सोहळा. १६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे गेले तेव्हा ती मुले नुकती नोकरीला लागलेली होती. अनेकांचा हा पहिला मोठा सार्वजनिक शोक.

१२.
हा भाव नवा नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन नायक, एका रंगमंचावर. त्यानंतर तीन महिनेही पुरे होण्याआधी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय अवघे ३१. ज्यांनी तो प्रयोग पाहिला होता, त्यांनी पुढे आयुष्यभर त्याचीच गोष्ट सांगितली. प्रयोग एका रात्रीचा. त्याचे सांगणे दोन पिढ्यांचे.

१३.
आणि ते सांगणे किती टिकते याचा पुरावा शंभर वर्षांनी मिळाला. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळालेल्या वास्तूसमोर उभे राहून लोक रडले. त्यांच्यापैकी कोणीही केशवरावांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेले असणे शक्य नव्हते. शोक वारशाने मिळतो, तो असा.

१४.
येथवर शोकाची बाजू झाली. आता त्याच्यावरचा आरोप. शोक फुकट असतो. जिवंतपणी तिकीट काढावे लागते, मानधन द्यावे लागते, औषधाचा खर्च पाहावा लागतो. मेल्यावर दोन ओळी लिहिल्या की भागते. मराठी समाजाचा या बाबतीतला हिशेब फारसा अभिमानास्पद नाही.

१५.
बालगंधर्वांवर एकेकाळी सारा महाराष्ट्र लुब्ध होता. उत्तरायुष्यात मात्र कर्ज, आजार, पांगळेपणा आणि एकाकीपणा त्यांच्या वाट्याला आला. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. ज्यांनी त्यांच्या पदांवर रात्री जागवल्या त्यांच्यापैकी बरेचसे तोवर दुसरीकडे वळले होते. पुढे नाट्यगृहाला नाव मिळाले, पुतळे झाले, चित्रपट झाला.

१६.
विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची कहाणी याहून कठोर आहे. जन्म १९३५चा, पंढरपूरचा. आजोबांपासून चालत आलेला फड. १९६२च्या युद्धकाळात त्यांनी सीमेवरच्या जवानांपुढे कला सादर केली. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच राहुटीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, हे महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. आणि अखेरची वर्षे हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

१७.
त्या बाळंतपणाची गोष्ट सांगताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: नाळ दगडाने तोडावी लागली ती का? प्रेक्षक खेळ थांबवू देणार नव्हते म्हणून, आणि फडाला त्या रात्रीच्या पैशांवर जगायचे होते म्हणून. ही शौर्यकथा आहे, तशी ती आरोपपत्रही आहे. तमाशातले बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी या समाजांतून आले. गावाला त्यांची कला हवी होती. पंगतीत त्यांची पाने नको होती. स्मरणरंजन या वाक्याशी अडखळत नसेल तर ते इतिहास नव्हे.

१८.
विठाबाईंच्या नावाने राज्य शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि तो प्रथम मिळाला कांताबाई सातारकर यांना. कांताबाईंचा जन्म गुजरातमधला, नावात सातारा, वास्तव्य संगमनेरला आणि श्रोते यात्रा भरते त्या प्रत्येक गावात. २५ मे २०२१ रोजी करोनाने त्यांचे निधन झाले.

१९.
ही तारीख नीट पाहावी. तमाशाचा हंगाम यात्रांवर चालतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या ठरवतात आणि चैत्र-वैशाखात गाड्या निघतात. २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम यात्राच झाल्या नाहीत. म्हणजे कांताबाई गेल्या तेव्हा फड बंद, राहुट्या गुंडाळलेल्या, आणि अंत्ययात्रेला माणसे जमवण्यास मनाई. हजारोंच्या गर्दीपुढे आयुष्य घालवलेल्या स्त्रीला गर्दीविना निरोप मिळाला.

२०.
त्याच वर्षी २८ मार्चला पंडित नाथराव नेरळकर गेले. नांदेड ही जन्मभूमी, औरंगाबाद ही कर्मभूमी. मराठवाड्यात शास्त्रीय गायन शिकलेल्या कितीतरी जणांची गुरुपरंपरा त्यांच्यापर्यंत जाते. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवामागेही अशीच माणसे आहेत. त्याची परंपरा गोविंदराव जळगावकर यांच्या नावाशी जोडलेली आहे. तालुक्याच्या गावी रात्रभर गाणे ऐकणारा श्रोता आपोआप घडत नाही. कोणीतरी तो वर्षानुवर्षे घडवतो.

२१.
आतापर्यंत आलेल्या प्रत्येक नावापुढे तारीख आहे. पण जालना जिल्ह्यातल्या घराघरांत आठवण निघते ती एवढ्याच नावांची नव्हे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, कधी पोलीस तर कधी सावकार बनून दारात उभा राहणारा बहुरूपी, ज्याला मराठवाड्यात रायरंद म्हणतात, लग्नानंतरच्या जागरणाला येणारे गोंधळी, नंदीबैलवाला, एकादशीच्या रात्री भारुडात बाईचे सोंग घेणारा गावातलाच शेतकरी. यांच्या मृत्यूची तारीख कुठेच नाही.

२२.
रायरंद येईनासा झाला तो कधी? गावाला सांगता येत नाही. एका वर्षी तो आला नाही, दुसऱ्या वर्षीही नाही, आणि तो येत असे हेच हळूहळू विसरले गेले. त्याचा मुलगा ऊसतोडीला गेला असेल किंवा जालन्याच्या एखाद्या कारखान्यात लागला असेल. त्याने ते काम सोडले यात दुःख मानण्याचे कारण नाही. दारोदार मागत फिरण्याचे जिणे संपले असेल तर ते चांगलेच झाले. दुःख आहे ते नोंद न राहिल्याचे. पन्नास वर्षे एका गावाला हसवणाऱ्या माणसाचे नावही उरू नये, हा इतिहासलेखनाचा दोष आहे.

२३.
स्मृतीची विभागणीही सारखी नाही. एकाच घरातल्या आजोबांना फडाची आठवण असते. आजीला नसते, कारण कित्येक गावांत घरच्या बायकांनी तमाशाला जाणे निषिद्ध होते. तिची करमणूक जात्यावर, भारुडात, कीर्तनात, पुढे रेडिओवर आणि नंतर दूरदर्शनवर. गावाचा इतिहास लिहिताना फक्त आजोबांना विचारले तर अर्धे गाव वगळले जाते. आजी कोणासाठी रडली, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

२४.
येथे एक आक्षेप रास्त आहे. स्मृती खोटे बोलते. म्हातारपणी प्रत्येकाला आपल्या तरुणपणातली लावणी अधिक खणखणीत आणि प्रत्येक नट अधिक थोर वाटतो. खरे आहे. पण दरबारी बखरही पक्षपाती असते आणि सरकारी अहवालही. म्हणून कोणी ती साधने फेकून देत नाही. दुसऱ्या साधनांशी ताडून पाहतो. शोकाच्या आठवणींनाही तीच कसोटी लावावी.

२५.
ताडून पाहण्याची साधने जालना जिल्ह्यात आहेत. यात्रा समितीच्या वर्गणीच्या आणि खर्चाच्या वह्या, ज्यांत फडाला दिलेली रक्कम लिहिलेली असते. गणेश मंडळांची जुनी कार्यक्रमपत्रके. अनंत भालेराव यांच्या संपादनाखालील ‘मराठवाडा’ दैनिकाचे जुने अंक. तंबू टॉकीजचे उरलेसुरले भित्तीपत्रक. लग्नाच्या अल्बममध्ये मागे उभा असलेला बँडवाला. यांतले बरेचसे माळ्यावर आहे आणि वाळवीला त्याची कदर नाही.

२६.
तरुण अभ्यासकांनी गड-किल्ले मोजले, शिलालेख वाचले, मोडी शिकली. हे मोठेच काम आहे. पण अन्व्याचे मंदिर आणखी शंभर वर्षे उभे राहू शकेल. १९५० साली यात्रेत दहा वर्षांचे असलेले माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. दगड थांबतो, साक्षीदार थांबत नाही. कामाचा क्रम कोणता असावा, हे यावरून ठरावे.

२७.
करायचे काम अवघड नाही. येत्या सुटीत गावी गेल्यावर घरातल्या ज्येष्ठांपुढे फोनचे ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि पाच प्रश्न विचारावेत. लहानपणी गावात कोण कोण येत असे? त्यांची नावे आणि गावे कोणती? त्यांना काय दिले जाई, पैसे की धान्य? कोणाला बसायला कुठे जागा असे आणि कोणाला मनाई असे? आणि त्यांचे येणे थांबले ते साधारण कोणत्या साली, दुष्काळाआधी की नंतर?

२८.
उत्तरात कदाचित एकच नाव मिळेल, तेही अर्धवट. तेवढे पुरे आहे. नावापुढे गाव लिहावे, गावापुढे अंदाजे साल लिहावे आणि ती नोंद दोन ठिकाणी जपून ठेवावी. आणि तो कलावंत अजून हयात असेल, तर श्रद्धांजली लिहिण्याची वाट न पाहता त्याच्या दारी जाऊन यावे. त्याचा खेळ पाहावा, त्याची बिदागी त्याच्या हातात द्यावी, मग प्रश्न विचारावेत.

धागा समाप्त. ज्यांच्याकडे जालना जिल्ह्यातल्या अशा एखाद्या दिवंगत कलावंताचे नाव असेल, त्यांनी ते गावासह खाली लिहावे. हयात कलावंतांची नावे मात्र त्यांना विचारूनच लिहावीत.